बोरू, खिळे आणि संगणक



नवे यंत्र आले की जुनी विद्या आपोआप मरते, अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. संगणक आला, आता हस्ताक्षर गेले. मोबाइल आला, आता पाठांतर संपले, असे पालक मला वारंवार सांगतात. मराठीचा एक जुना अध्यापक या नात्याने या समजुतीची परीक्षा मी एका उदाहरणावरून करू इच्छितो. ते उदाहरण मोडी लिपीचे.

मोडी ही कामाची लिपी होती. कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे जोडीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोर भेद तीत नसे. वेग हाच तिचा गुण. पेशव्यांचे दप्तर मोडीत आहे, तसेच शिंदे, होळकर व गायकवाड यांच्या दरबारांचेही. शाळेची घडणही या कामावरूनच ठरली होती. पंतोजी धूळपाटीवर अक्षर गिरवून घेत, पावकी-निमकी घोकून घेत. मुलगा पत्र व हिशेब लिहू लागला की पुष्कळदा त्याचे शिक्षण पुरे झाले असे मानले जाई. पोथी बाळबोधीत आणि व्यवहार मोडीत, अशी ही वाटणी होती.

पुढे छापखाना आला. खिळ्यांनी मोडीचा बळी घेतला, असे सांगण्यात येते. कारण एकमेकांत गुंतलेली अक्षरे सुटी ओतणे अवघड. अडचण खरी होती, पण ती अनुल्लंघ्य नव्हती. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण 1805 साली सेरामपूरला देवनागरीत छापले गेले, आणि 1810 सालचा त्यांचा मराठी कोश मोडी खिळ्यांनी! तेव्हा यंत्राला मोडी अशक्य नव्हती. पाठ्यपुस्तके बाळबोधीत काढावीत, कचेऱ्यांत छापील नमुने व टंकयंत्र आणावे, अभ्यासक्रमातून मोडी उठवावी, हे निर्णय माणसांनी घेतले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते पुरे झाले.

या निर्णयांनी लाभही मोठा झाला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात आणि 1906 साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. 1910 नंतर बडोदे राज्यात गावोगावी ग्रंथालये उभी राहिली. स्वस्त छापील पुस्तकाविना हे घडते ना. परंतु हानीही तितकीच खरी. रियासतकार गो. स. सरदेसाई यांची उमेदीची वर्षे याच बडोद्यात महाराजांच्या सेवेत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादिले. त्यांच्या पिढीला मोडी बालपणीच अवगत होत असे. आज इतिहासाच्या पदवीधरालाही तीच लिपी नव्याने शिकावी लागते. पणजोबांचे अक्षर पणतूला परके झाले.

आता संगणकाकडे वळू. 2014 साली युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात मोडीचा समावेश झाला. म्हणजे 1810 प्रमाणेच यंत्र पुन्हा सिद्ध आहे. उणीव आहे ती वाचणाराची. उद्या यंत्र मोडी कागद वाचून दाखवू लागेल हे मी गृहीत धरतो. पण त्याने ‘दिले’ वाचले तेथे मूळ कागदात ‘घेतले’ आहे, हे कोण सांगणार? ज्याला स्वतःला वाचता येते, तोच.

म्हणून वर्गात संगणक असावा की नसावा, हा वाद मला गौण वाटतो. त्याच्या येण्याने कोणती विद्या आपण सोडणार आणि कोणती मुद्दाम राखणार, हे शाळेने जाणूनबुजून ठरवावे, एवढेच माझे सांगणे आहे. बडोद्यातील कित्येक मराठी घरांत सनदा, खतपत्रे व जमाखर्चाच्या वह्या पेट्यांतून पडून आहेत, आणि त्यांना कसर लागत आहे. माजी विद्यार्थ्यांनी ते कागद शाळेत आणावेत. शाळेच्या संगणकावर त्यांची छायाचित्रे साठवावीत, आणि आठवड्यातून एक तास मुलांना मोडी शिकवावी. शिकवू शकणारी माणसे अजून आहेत. ती फार काळ असणार नाहीत.