रोबोटच्या फ्रेमसाठी नट-बोल्ट कसे निवडायचे?

रोबोकॉनसारख्या स्पर्धेसाठी रोबोट बनवताना सगळ्यांचं लक्ष मोटर, सेन्सर आणि कोडकडे असतं. नट-बोल्ट मात्र आयत्या वेळी, दुकानात मिळतील ते आणले जातात. आमच्या कॉलेजच्या टीमनेही हेच केलं. सामना सुरू झाला, मिनिटभरात एका चाकाच्या ब्रॅकेटचा नट गळून पडला आणि रोबोट जागीच गोल फिरत राहिला. कोडमध्ये एकही बग नव्हता!

बोल्ट नेमकं काय करतो?

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. सांधा या दाबामुळेच टिकतो. ८.८ ग्रेडचा एम-५ बोल्ट नीट आवळला, तर सुमारे ६०० किलो वजनाइतका दाब देतो. म्हणजे बोल्ट तुटण्यापेक्षा सैल होण्याची भीती जास्त. दाब कमी पडला आणि भाग आडवे सरकू लागले, की नट आपोआप फिरून सुटतो. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं.

ग्रेड कशी ओळखायची?

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १२.९ असा आकडा असतो. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे तुटेपर्यंतची ताकद, दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत बोल्ट कायमचा वाकडा-लांब होत नाही. फ्रेमसाठी ८.८ पुरेसा आहे. स्टेनलेसचा ए२-७० गंजत नाही, पण त्याची ताकद थोडी कमी, ७०० न्यूटन. ज्यावर आकडाच नाही, तो चाक किंवा मोटरजवळ लावू नका.

सैल होऊ नये म्हणून काय वापराल?

• नायलॉक नट: आतली नायलॉनची रिंग आटे घट्ट पकडते. चाकांजवळ हाच लावा. हाताने सहज फिरू लागला, की बदला.
• थ्रेडलॉकर: बोल्ट थेट ॲल्युमिनियमच्या आट्यांत जात असेल तिथे. निळा घ्या, तो साध्या पान्याने सुटतो. लाल सोडवायला गरम करावं लागतं. ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटजवळ वापरू नका, त्यांना तडे जाऊ शकतात.
• स्प्रिंग वॉशर: सगळे वापरतात, पण आडव्या थरथरीत त्याचा फारसा उपयोग होत नाही.
• पॉप रिव्हेट: थरथरीने फिरून सुटत नाही. पण काढायचा तर ड्रिल करावा लागतो, म्हणून जे भाग पुन्हा उघडायचे नाहीत तिथेच.

ॲल्युमिनियमची काळजी

ॲल्युमिनियम मऊ असतं, त्यामुळे डोक्याखाली आणि नटखाली साधा वॉशर हवाच. पातळ चौकोनी पाइप आवळताना चेपतो आणि दाब जातो. अशा वेळी आत स्पेसर घाला. ॲल्युमिनियममध्ये आटे पाडले असतील, तर एम-५ बोल्ट किमान ८ ते १० मिमी आत जायला हवा. नट असेल तर दोन आटे बाहेर दिसू द्या.

शेवटची, फुकटातली युक्ती: आवळून झाल्यावर नट आणि फ्रेमवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. प्रत्येक सामन्यानंतर मोबाइलचा टॉर्च मारून पाहा. रेघ तुटलेली दिसली, तर तो नट फिरलाय. पाना तिथेच चालवा!