पेटीतून निघालेले खण

सुतारकामाचा इतिहास म्हटला की देवळांचे सभामंडप व वाड्यांचे खांबच डोळ्यांपुढे उभे राहतात. बाळाच्या खोलीतील कपाटाला इतिहास तो कसला, असे पुष्कळांस वाटेल. पण पूर्वी इंग्लंडातही घरोघर कपड्यांची पेटीच असे. तळचे वस्त्र हवे तर वरचे सर्व उपसावे लागे. म्हणून पेटीच्या तळाशी एक खण आला आणि सतराव्या शतकात पेटी जाऊन नुसते खणच उरले.

विसाव्या शतकात अमेरिकेत या कपाटाच्या माथ्यावर बाळाचे दुपटे बदलण्यासाठी कठड्याची चौकट बसू लागली. आपल्याकडे हे काम आजीच्या पसरलेल्या पायांवर होई. लाकूड लागले नाही! चांगला कारागीर ही चौकट खिळ्यांनी ठोकीत नाही, मागून स्क्रूने आवळतो. दोन-तीन वर्षांनी ती काढली की कपाट पुढे कित्येक वर्षे चालते. अखंड फळीचा माथा पावसाळ्यात फुगतो, म्हणून त्याच्या स्क्रूंची भोके लांबट ठेवावी लागतात.

खरे भय मूल चालू लागल्यावरचे. ते खण ओढून पायऱ्यांप्रमाणे चढते आणि कपाट अंगावर कोसळते. अशा अपघातांत बालके दगावल्यामुळे २०१६ साली अमेरिकेत एका कंपनीने सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागविली. २०२२ च्या डिसेंबरात तेथे कायदाच झाला. ६० पौंडांपर्यंतचे मूल गृहीत धरून कपाटाची परीक्षा घ्यावी लागते.

माझ्या नातवाचे कपाट मी दोन लोखंडी पट्ट्यांनी भिंतीस जखडले. भिंत विद्रूप झाली, असे सूनबाईंचे मत आहे.