यकृत-प्लीहा टी-पेशी लसीकार्बुद

यकृत-प्लीहा टी-पेशी लसीकार्बुद : अत्यंत विरळ व शीघ्रगती कर्करोग. लसीकार्बुद म्हणजे मानेत, काखेत वा जांघेत आलेली गाठ, ही जी सर्वसाधारण समजूत, तिला हा रोग अपवाद असून त्यात लसीका ग्रंथी बहुधा मुळीच न वाढता पानथरी (प्लीहा) मात्र अतोनात वाढते आणि बहुधा यकृतही वाढते. फ्रान्समधील फार्से, गोलार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली त्याचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले.

रोगी बहुधा तिशी-पस्तिशीचा पुरुष असतो. ताप, थकवा व वजनातील घट एवढीच त्याची कैफियत असते, आणि रक्तबिंबिका घटलेल्या आढळतात. आतड्याच्या क्रोन विकारासाठी, अथवा रोपण केलेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दीर्घकाळ घेतलेल्यांचे प्रमाण या रोग्यांत लक्षणीय असल्यामुळे पूर्वीच्या औषधांची चौकशी बारकाईने झाली पाहिजे. भारतात हिवताप, काळा आजार व यकृतविकार ही पानथरी वाढण्याची नित्याची कारणे असल्याने वैद्याचे लक्ष प्रथम तिकडे जावे हे स्वाभाविक होय. परंतु त्यांचा पुरावा हाती नसताना केवळ परिपाठाने त्यांचेच उपचार चालू ठेवणे रोग्याच्या जिवावर बेतते.

निदानाची खरी मदार ऊतकपरीक्षेवर आहे. मध्यम आकाराच्या, एकसारख्या दिसणाऱ्या अर्बुदपेशी पानथरीच्या तांबड्या गरातील रक्तपोकळ्यांत दाटतात, पांढरा गर क्षीण होतो, आणि यकृत व अस्थिमज्जा यांतही त्या अशाच पोकळ्यांतून विखुरतात. कोठेच गाठ न बनल्यामुळे, विशेष रंजन न केल्यास, त्या नजरेतून सहज निसटतात. त्यांच्या पृष्ठभागावरील चिन्हप्रथिनांपैकी सीडी३ असते, सीडी४ व सीडी५ नसतात, सीडी८ही बहुधा नसते, आणि टी-पेशी ग्राही बहुतेक वेळा गॅमा-डेल्टा जातीचा असतो. सातव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेचे समभुज गुणसूत्र सापडल्यास निदानास बळकटी येते. पानथरीत सुई घालण्यात रक्तस्रावाचे भय असल्यामुळे पानथरी शस्त्रक्रियेने काढूनच अनेकदा निदान करावे लागले आहे. मात्र अस्थिमज्जा बहुतेक सर्व रोग्यांत बाधित असल्याने तिचा तुकडा व फ्लो सायटोमेट्री (पेशींवरील चिन्हांची यंत्राने तपासणी) यांवर पुष्कळदा काम भागते.

नेहमीच्या रसायनोपचाराने रोग दबला तरी लवकरच उलटतो. जे थोडे रोगी दीर्घकाळ जगले, त्यांत रोग दबताच दात्याच्या मूलपेशींचे रोपण लाभलेले पुष्कळ आहेत. म्हणून पानथरी वाढलेल्या, रक्तबिंबिका घटलेल्या व कारण न सापडलेल्या तरुणाची मज्जापरीक्षा वैद्याने क्षणभरही लांबणीवर टाकू नये.