जेवढे प्रवासी, तेवढीच गाडी

काशीतल्या मंगला गौरीहून मी आजचा भाग सांगतो आहे. बनारस आणि डिझेल म्हटले की जाणकारांना इथला इंजिन कारखाना आठवतो. जानेवारी 1964 मध्ये तिथून पहिले डब्ल्यूडीएम-2 इंजिन बाहेर पडले. त्याची ताकद 2600 अश्वशक्ती. आजचा विषय मात्र 74 अश्वशक्तीचा आहे. इतक्या लहान इंजिनाने एका गरीब मुलखातली रेल्वे कशी जगवली आणि आपल्या विदर्भातल्या शकुंतलेला तसे काही का लाभले नाही, ते पाहू.

फौजेत रसद पाठवताना पहिले प्रश्न ठरलेले असतात: माल किती, रस्ता कसला आणि वाहन कोणते? मंगला गौरीच्या गल्लीत ट्रक आणायचा कोणी विचार करत नाही, इथे सामान हातगाडीवरच येते. रेल्वेच्या शाखा मार्गांवर मात्र हा साधा हिशेब कित्येक वर्षे कोणी केला नाही. वीस प्रवासी असोत की दोनशे, गाडी तीच.

वाफेच्या इंजिनाचा खर्च गाडी सुटण्याआधीच सुरू होतो. काही तास आधी भट्टी पेटवायची, पाणी भरायचे, कोळसा चढवायचा, राख काढायची. ड्रायव्हरबरोबर फायरमन हवाच. शेवटच्या स्टेशनवर इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचे. उतारू किती आहेत, याच्याशी या खर्चाचा संबंध नसतो.

यावर उपाय म्हणून रेलकार आली. म्हणजे इंजिन डब्याच्याच पोटात, वेगळे ओढणारे कोणी नाही. स्वीडनमध्ये सॉडरमानलांड भागातल्या एका छोट्या रेल्वेवर 1913 मध्ये पहिली डिझेल रेलकार धावली. तिचे इंजिन 75 अश्वशक्तीचे होते. त्यावर जनित्र चाले आणि त्या विजेवर चाके फिरत. याच वर्षी सप्टेंबरात रुडॉल्फ डिझेल इंग्लंडला जाताना जहाजावरून नाहीसे झाले. आपल्या इंजिनाचा रुळांवरचा पसारा त्यांना पाहता आला नाही.

हा द्राविडी प्राणायाम का? डिझेल इंजिनाचा स्वभावच तसा आहे. वाफेचे इंजिन उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावते. डिझेल इंजिन आधी फिरत असावे लागते, मग भार घेते. त्यामुळे इंजिन आणि चाक यांच्यामध्ये क्लच-गिअर तरी हवा, नाही तर जनित्र आणि मोटर. दुसरी अडचण वजनाची. सुरुवातीच्या इंजिनांत दाबलेल्या हवेने तेल फवारत, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. बॉश कंपनीचा इंधनपंप 1927 पासून मोठ्या संख्येने बनू लागला, तेव्हा ट्रक-बसला झेपेल असे हलके डिझेल इंजिन सर्रास मिळू लागले. शाखा मार्गांची दारे त्याच इंजिनाने उघडली.

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगल नावाचा परगणा आहे. डोंगराळ, वस्ती विरळ, लोक गरीब. तिथे तीन फुटी रुळांची सुमारे 200 किलोमीटरची रेल्वे होती. हेन्री फोर्ब्स हे तिचे व्यवस्थापक. त्यांच्याकडे रुळांच्या तपासणीसाठी एक छोटी पेट्रोल गाडी होती. 1926 मध्ये ब्रिटनमधल्या खाणकामगारांच्या संपामुळे कोळसा मिळेना, तेव्हा तिच्यातून टपाल आणि माणसे नेली गेली. फोर्ब्सनी त्यातून धडा घेतला. 1931 मध्ये त्यांनी दोन डिझेल रेलकार धावत्या केल्या. गार्डनर कंपनीचे 74 अश्वशक्तीचे इंजिन आणि पुढे बससारखे नाक. 1934 पासून त्यांनी नवी रचना घेतली: इंजिन आणि ड्रायव्हर पुढच्या वेगळ्या भागात, प्रवाशांचा डबा त्याला सांध्याने जोडलेला. त्यामुळे गाडी वळणावर सहज वळे.

यंत्राइतकीच मोलाची होती ती गाडी चालवण्याची पद्धत. रेलकार फाटकापाशी, शेताच्या वाटेवर, कोणी उभे दिसले तिथे थांबे. वाफेच्या गाडीला असे थांबणे परवडत नाही. बसने हिरावलेला प्रवासी रेल्वेने बसचीच युक्ती वापरून परत मिळवला.

आता आपल्याकडे या. मूर्तिजापूर-यवतमाळ 113 किलोमीटर आणि मूर्तिजापूर-अचलपूर 76, म्हणजे लांबी जवळजवळ डोनेगलएवढीच. रूळ अडीच फुटी. मालकी किलिक निक्सन या इंग्रजी पेढीच्या कंपनीची. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी हा मार्ग बांधला. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन 1923 पासून थेट 15 एप्रिल 1994 पर्यंत शकुंतलेला ओढत होते. त्यानंतर डिझेल इंजिन आले, पण जुन्याच पद्धतीने डब्यांना पुढून जोडलेले.

विचार करा, खडकीला किर्लोस्करांचा डिझेल इंजिनांचा कारखाना 1946 मध्ये निघाला. राज्यभर विहिरींवर डिझेल पंप धडधडू लागले. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस सुटली, पुढे लाल गाडी विदर्भातही पोचली. शेतात डिझेल, रस्त्यावर डिझेल आणि रुळावर कोळसा!

यात मला मोठा अडथळा यंत्राचा दिसत नाही, मालकीचा दिसतो. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार मध्य रेल्वे. मालकाला नव्या गाडीत पैसा घालायची गरज नाही आणि चालवणाऱ्याला दुसऱ्याच्या रुळांसाठी खास वाहन बनवण्यात रस नाही. फोर्ब्सकडे निर्णय एका हाती होता. आपल्याकडे दोन घरचा पाहुणा उपाशी राहिला.

रेलकार म्हणजे संजीवनी नव्हे, हेही सांगतो. कापसाच्या गाठी ओढायला तिची ताकद अपुरी आणि जत्रेच्या गर्दीला जागा अपुरी. डोनेगलच्या प्रवासी गाड्याही 31 डिसेंबर 1959 ला बंद झाल्या. पण पहिल्या डिझेल रेलकारपासून 28 वर्षे निघाली होती, आणि त्या काळात शाळेची मुले, बाजारची माणसे, टपाल सगळे वेळेवर पोचत होते. तिथल्या दोन रेलकार पुढे आइल ऑफ मॅन बेटावरच्या रेल्वेने विकत घेतल्या.

आपल्याकडेही मथुरा-वृंदावन मार्गावर एका डब्याची रेल्वेबस पुढे धावली, म्हणजे कल्पना परकी नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण घरात शिकवतो. शाखा मार्ग तोट्यात आहे असे कोणी म्हटले की आधी एवढेच विचारा: तोटा मार्गाचा आहे की त्यावर चालवलेल्या चुकीच्या गाडीचा? शकुंतलेच्या काठच्या गावांना हा प्रश्न वेळेवर विचारणारा कोणी भेटला नाही.

जय हिंद.