गुन्हेगारी मालिकांतील हिंसाचित्रण

खून, मारहाण, लैंगिक अत्याचार, कोठडीतील छळ अशा कृत्यांचे गुन्हे-तपासाच्या दूरचित्रवाणी मालिकांतून घडणारे दर्शन. भारतात दूरदर्शनच्या काळातील ‘करमचंद’ (१९८५) आणि बासू चतर्जी यांची ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३) या मालिकांत खून म्हणजे उकलायचे कोडे होते. प्रेत दिसे, घाव क्वचितच दिसे. मराठीत बी. पी. सिंग यांच्या ‘एक शून्य शून्य’ने पोलिसांचा तपास घराघरांत नेला. त्यातले शिवाजी साटम पुढे सिंग यांच्याच ‘सी.आय.डी.’ (सोनी, १९९८–२०१८, २०२४ पासून पुन्हा) या हिंदी मालिकेत एसीपी प्रद्युम्न झाले.

‘सी.आय.डी.’ने बसवलेली रीत पुढे अनेकांनी उचलली. उगारलेला हात, भिंतीवरची सावली, किंकाळी. आणि पुढच्याच दृश्यात पंचनामा व न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखेंची प्रयोगशाळा. सगळे घर एकाच संचासमोर बसणार, हे धरूनच हा संयम आला. केबल दूरचित्रवाणी नियमांतील (१९९४) कार्यक्रम संहितेनेही हिंसेला चिथावणी देणाऱ्या दृश्यांना मनाई केली आहे.

मात्र हा संयम गुन्हेगाराच्या हिंसेपुरताच. पोलिसांची हिंसा भर उजेडात, कॅमेऱ्यासमोर घडते. ‘सी.आय.डी.’तला इन्स्पेक्टर दया लाथेने दार तोडतो, संशयिताच्या कानाखाली वाजवतो आणि तो घडाघडा बोलू लागतो. प्रेक्षकाला हायसे वाटते, आणि खरी चिंता इथेच आहे. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यापासूनचे तत्त्व. कबुलीसाठी मारहाण करणे हा तर स्वतंत्र गुन्हा. भारतीय दंड संहितेच्या कलम ३३० प्रमाणे त्याला सात वर्षांपर्यंत कैद होती. कोठडीतील मृत्यूंसंबंधीच्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले ते डिसेंबर १९९६ मध्ये, ‘सी.आय.डी.’ सुरू होण्याच्या सुमारे वर्षभर आधी. ती थप्पड मात्र वर्षानुवर्षे न्याय म्हणूनच दाखवली गेली. पडद्यावरच्या रक्ताविषयी तक्रार करणाऱ्यांनी तिच्याकडे फारसे पाहिले नाही.

‘क्राइम पेट्रोल’ने (२००३ पासून) खऱ्या प्रकरणांची नाट्यरूपांतरे आणली. त्यामुळे हिंसा अनोळखी मारेकऱ्याकडून नवरा, दीर, शेजारी यांच्याकडे सरकली. स्त्रियांवरील अत्याचार बहुधा घरच्याच माणसांकडून होतात, हे या मालिकेने उघड सांगितले. निवेदक सावधगिरीचा सल्ला देतो खरा, पण त्याआधी पीडितेची तडफड संथ गतीत, चढत्या संगीतासह दाखवली जाते. त्या दृश्यांचे समर्थन करता येत नाही.

वेब मालिकांना रात्रीची वेळ किंवा एकत्र बसलेले कुटुंब यांचे बंधन नव्हते. ‘सेक्रेड गेम्स’मध्ये (२०१८) रक्तपात थेट दिसतो. तरी रिची मेहता यांच्या ‘दिल्ली क्राइम’ने (२०१९) उलटी वाट धरली. २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कारावरील या मालिकेत प्रत्यक्ष अत्याचार दाखवलेलाच नाही. जखमा किती भयंकर होत्या ते डॉक्टरांच्या बोलण्यातून आणि ते ऐकणाऱ्या पोलीस अधिकारी स्त्रीच्या (शेफाली शाह) चेहऱ्यावरून कळते. २०२० मध्ये या मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला.