शिकवणीतला कान

खासगी शिकवणी हे अलीकडचे खूळ आहे, असा आपला समज असतो. सांगलीत विश्रामबागेकडे किंवा साताऱ्यात पोवई नाक्याजवळ क्लासच्या पाट्यांची गर्दी पाहिली की तसे वाटणे साहजिकच आहे. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच साताऱ्यात शिकवण्या घेऊन चरितार्थ चालवणारा एक तरुण होता. स्वतः मॅट्रिकही न झालेला. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. पुढे आपण त्यांना कर्मवीर म्हणू लागलो आणि त्यांच्या आयुष्यातला हा शिकवणीचा काळ आपल्या विस्मरणात गेला.

मला मात्र तो काळ महत्त्वाचा वाटतो. शिकवणीत मुलगा मास्तरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला असतो. त्याला कळले नाही, हे चेहऱ्यावरच दिसते. शाळेच्या फळ्याजवळून ते दिसत नाही. या शिकवण्या चालू असतानाच, 1910 च्या सुमारास, भाऊरावांनी सहकाऱ्यांबरोबर मिरज तालुक्यातल्या दुधगावात विद्यार्थ्यांसाठी आश्रम उभा करायला हातभार लावला. म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे बी काल्याच्या आधी दुधगावात पडले होते, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे त्यांनी काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकले. हे कामही ऐकण्याचेच होते. लोखंडी नांगराने जमिनीला विषबाधा होते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांत होता. अशा माणसाला नांगराचे गुण सांगून काय उपयोग? आधी त्याची भीती पुरती ऐकून घ्यावी लागते. गावोगाव हिंडताना भाऊरावांनी नांगर किती खपवले याचा हिशेब बाजूला ठेवू, पण शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचे म्हणणे ऐकायची सवय त्यांना इथे लागली असावी, असा माझा तर्क आहे.

या सवयीची मागणी त्याच्याही आधी झाली होती. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिले. फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. त्या निवेदनात प्राथमिक शिक्षक कसा असावा, याचा विचार आहे. तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मोकळेपणाने मिसळावा, त्यांच्या गरजा आणि इच्छा त्याला समजाव्यात, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार धरायला त्याला लाज वाटू नये, असे त्यांचे म्हणणे होते. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात पंधरा ते वीस हवा, असाही आग्रह होता. गावचे हिशेब तपासणे, टपाल सांभाळणे अशी कामे शिक्षकाकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल, असेही त्यांनी सुचवले. शिक्षकाने लोकांचे ऐकायचे असेल, तर आधी लोक त्याच्याकडे यायला हवेत, हे त्यांनी ओळखले होते.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. 1924 मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग आले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहू-जेवू लागली. 1935 साली साताऱ्यातच ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले आणि पुढे त्याला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. इथे तयार झालेले शिक्षक खेड्यांतल्याच घरांतले होते. 1938 पासून संस्थेने ज्या वस्त्यांवर शाळा नव्हती तिथे व्हॉलंटरी शाळा काढल्या, तेव्हा अशा शिक्षकांची गरज पडली. एका शिक्षकाच्या शाळेत मास्तरच सगळे काही. पेरणीच्या दिवसांत मुले का येत नाहीत, हे त्याने मुलाला छडी मारून विचारायचे की बापाच्या बांधावर जाऊन, यावर ती शाळा टिकणे अवलंबून असे.

आता थोडे स्वतःविषयी. मी सांगलीत बरीच वर्षे गणिताचे क्लास घेतले. प्रत्येक उदाहरणानंतर "कळलं का?" असे विचारायचो आणि वर्गातून "हो सर" असा गजर व्हायचा. तो ऐकून मी पुढच्या उदाहरणाकडे वळायचो. जत तालुक्यातला एक मुलगा सर्वांत जोरात मान हलवायचा. सहामाहीत तो साफ नापास झाला. त्याचे वडील भेटायला आले. मोडक्या मराठीत, जरा संकोचून त्यांनी सांगितले, की घरात सगळे कन्नड बोलतात, पोरगा तुमचे बोलणे आधी मनात कन्नडात फिरवून घेतो आणि तोवर तुम्ही पुढच्या गणितावर गेलेले असता.

जतच्या सीमाभागातून मुले येतात, हे मला ठाऊक होते. त्यांच्या घरी कन्नड बोलतात, हेही ठाऊक होते. या दोन गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या, एवढेच!

कोचिंग क्लासेससाठी केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, शिकवणारा किमान पदवीधर असावा, मुलांसाठी समुपदेशनाची सोय असावी, असे त्यांत आहे. सूचना चांगल्याच आहेत. पण समुपदेशक आठवड्यातून एकदा येणार आणि शिकवणारा रोज दोन तास समोर उभा असणार. मुलाची अडचण आधी कुणाच्या कानावर पडेल?

मी त्यानंतर "कळलं का?" विचारणे बंद केले. त्याऐवजी एखाद्या मुलाला म्हणायचो, "हे तुझ्या शब्दांत सांग बघू." सुरुवातीला भयंकर शांतता पसरायची. ती सहन करणे मला फार जड गेले. घड्याळाकडे लक्ष जायचे, अभ्यासक्रम मागे राहील अशी धास्ती वाटायची. खरोखरच दोन प्रकरणे घाईत उरकावी लागली. पालकांनी तक्रारही केली आणि ती रास्त होती.

एकदा त्या जतच्या मुलाला फळ्याजवळ बोलावले आणि म्हटले, "कन्नडात सांग." तो लाजला, मग सांगू लागला. मला एक अक्षर कळले नाही. मागच्या बाकावरची चार मुले मात्र हसून माना डोलावू लागली. ती चौघेही घरी कन्नडच बोलत होती. वर्षभर माझ्यासमोर बसलेली मुले!

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)