कुडी जुनी, जीव नवा

दिवाळीत मुलांनी अंगणात मातीचा किल्ला रचला, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवली, शिवाजीमहाराज सिंहासनावर बसले आणि मावळे आपापल्या बुरुजांवर उभे राहिले, की घरातले एखादे पोर पत्र्याची आगगाडी आणून किल्ल्याच्या पायथ्याशी सोडतेच. इतिहासाच्या दृष्टीने हा मोठाच कालविपर्यास! पण मावळ्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. चावी पिळली की गाडी घुर्र करीत एक फेरा घालते, दुसरा घालते आणि तिसऱ्यात तिचा दम संपतो. पुढे मुले मोठी होतात, गाडी ट्रंकेत जाते. आणि पुष्कळ वर्षांनी ट्रंक उघडते तेव्हा प्रश्न पडतो, की हे इंजिन जसे आहे तसेच ठेवावे, त्यात नवी यंत्रणा घालावी, की ते बाजूला सारून नवे आणावे? प्रश्न दिसायला लहान आहे. पण खेळण्यातल्या आगगाडीचा सारा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आलेला आहे.

खेळण्यातली सुरुवातीची कित्येक इंजिने खरोखरीच वाफेवर चालत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात पितळेची छोटी इंजिने मिळत. पोटात पाणी भरायचे, खाली स्पिरिटचा दिवा लावायचा आणि इंजिन जमिनीवर सोडून द्यायचे. त्यांना रूळ नसत. जाता जाता ती मागे पाण्याची रेघ ओढीत जात, म्हणून त्यांना ‘ठिबकणारी’ अशा अर्थाचे नाव पडले होते. गालिच्यांचे काय होत असेल, याची कल्पना कोणत्याही गृहिणीला सहज करता येईल.

या खेळाला शिस्त लावली ती जर्मनीतल्या मर्क्लिन कंपनीने. गोपिंगेन गावी १८५९ साली सुरू झालेला हा कारखाना मूळचा बाहुलीच्या स्वयंपाकघरातली भांडी करणारा. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत त्याने इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या रुळांवर धावणारी चावीची गाडी मांडली. खरी नवलाई गाडीत नव्हती, ती रुळांत होती. रुळांमधले अंतर ठरावीक मापांचे केल्यामुळे आज एक गाडी घ्यावी, पुढच्या सणाला दोन डबे घ्यावेत, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरे इंजिन घ्यावे, असा मार्ग मोकळा झाला. रूळ कायम राहिले आणि इंजिन बदलता येऊ लागले. ‘जुने इंजिन’ ही कल्पनाच मुळी त्या दिवशी जन्माला आली, असे म्हटले तरी चालेल.

पहिल्या महायुद्धात जर्मन खेळणी इंग्लंडात येईनाशी झाली आणि लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांना संधी मिळाली. छिद्रांच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या ‘मेकॅनो’चे पेटंट त्यांनी १९०१ सालीच घेतले होते. १९२० साली त्यांनी चावीची आगगाडी बाजारात आणली, तीही मेकॅनोच्याच वळणाची. इंजिन नट-बोल्टांनी जोडलेले. मुलाने ते सोडवावे, पाहावे आणि पुन्हा जोडावे. मोडले तर टाकून द्यावे, हा विचार त्या रचनेतच नव्हता.

मग आली वीज. १९२५ साली हॉर्नबींनी लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या धर्तीवर विजेचे इंजिन काढले. योगायोग असा, की त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला आपल्या मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला ही भारतातली पहिली विजेची गाडी धावली! पण हॉर्नबींच्या गाडीची एक गोष्ट ऐकून आज अंगावर काटा येतो. ती घरातल्या दिव्यांच्या विजेवर चालत असे. मध्ये अडसर म्हणून फक्त एक विजेचा दिवा जोडलेला. रुळांशी मुलांची बोटे आणि भिंतीतली वीज यांच्यामध्ये दुसरे काही नाही! हे धाडस फार टिकले नाही. काही वर्षांतच ट्रान्सफॉर्मर आला आणि रुळांत अगदी सौम्य वीज खेळू लागली.

१९३० नंतरच्या दशकात या कंपनीने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. जुने इंजिन दुकानात द्यावे आणि नव्याच्या किमतीत सूट घ्यावी, अशी योजना तिने काढली. आपल्याकडे जुन्या जरीच्या साड्या देऊन नवी भांडी घेतात, तसलाच हा व्यवहार. किती मुलांनी डोळे पुसत आपले पहिले इंजिन दुकानदाराच्या हाती ठेवले असेल, कोण जाणे!

१९३८ साली हॉर्नबी-डब्लो ही लहान मापाची गाडी आली. जेवणाच्या टेबलावर मावेल एवढी. तिच्या रुळांमधले अंतर अवघे साडेसोळा मिलिमीटर. तिला तीन रूळ होते. मधला वीज आणणारा, बाजूचे दोन ती परत नेणारे. खऱ्या रेल्वेला दोनच रूळ असतात, हे मुलांच्या नजरेतून सुटले नाही. शेवटी १९५९ साली कंपनीने दोन रुळांची गाडी काढली आणि येथेच गाडे अडले. जुन्या इंजिनांची चाके आणि आस अखंड धातूचे. ते इंजिन नव्या रुळांवर ठेवले की वीज या रुळातून त्या रुळात सरळ उडी मारी. ज्यांच्या घरी दहा वर्षांचा संसार जमला होता, त्यांनी काय करावे? कंपनीने दोन्ही प्रकार विकायला ठेवले. खर्च दुप्पट झाला, आणि प्लॅस्टिकच्या स्वस्त गाड्या समोर उभ्या होत्याच. १९६४ साली हा कारखाना प्रतिस्पर्धी लाइन्स ब्रदर्स यांच्या हाती गेला.

मर्क्लिनने नेमके उलटे केले. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी मधला रूळ काढला, पण त्याच्या जागी दोन रुळांच्या मध्ये बारीक खुंट्यांची रांग बसवली. डोळ्यांना रूळ दोनच दिसतात आणि आजोबांचे इंजिन मात्र नातवाच्या रुळावर धावते. पुढे १९८० नंतरच्या दशकात संगणकी आज्ञेची पद्धत आली, तेव्हाही जुन्या इंजिनांच्या मोटरीतले तारेचे वेटोळे काढून तेथे कायमचे चुंबक बसवण्याचे संच या कंपनीने विकले. ‘निष्ठेचे फळ गोड’ असे तात्पर्य काढण्याचा मोह येथे होतो. पण इतिहास तितका सरळ नाही. २००९ साली हीच मर्क्लिन दिवाळखोरीत गेली होती. पुढे ती सावरली, ही गोष्ट वेगळी.

आता ट्रंकेतल्या इंजिनाकडे वळू. नव्या पद्धतीत रुळांतून सतत वीज वाहते आणि तिच्यातूनच हुकूम जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक चकती असते. ती फक्त आपल्या क्रमांकाचा हुकूम ऐकते. त्यामुळे एकाच रुळावरची दोन इंजिने वेगवेगळ्या गतीने धावू शकतात. जुन्या डब्लोत ही चकती बसवायची तर आधी मोटर सांगाड्यापासून विजेच्या दृष्टीने तोडावी लागते, कारण तिचा एक ब्रश सांगाड्यालाच जोडलेला असतो. ते विसरले तर चकती जळालीच म्हणून समजावे. चुंबक थकलेले असेल तर मोटर जास्त वीज ओढते आणि तापते; तेव्हा चुंबकात पुन्हा जोर भरावा लागतो किंवा ते बदलावे लागते.

एका दुखण्याला मात्र औषध नाही. त्या काळच्या जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशाचा थोडासा अंश चुकून मिसळला, तर तो धातू वर्षानुवर्षे आतून फुगत जातो, तडकतो आणि अखेर हातात भुगा होतो. अशा वेळी तो भाग नवा करून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

पण चाके नवी, चुंबक नवे, पोटात चकती नवी, मग ते इंजिन ‘तेच’ कसे? हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आहे. मिलिंद राजा रथातून आला, तेव्हा नागसेनाने त्याला विचारले: आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणत गेला. पुरीला जगन्नाथाच्या नवकलेवरात जुनी काष्ठमूर्ती जाऊन नवी येते आणि आतला ब्रह्मपदार्थ तेवढा एकीतून दुसरीत नेला जातो. तेथे कुडी नवी आणि जीव जुना. आमच्या इंजिनाचे नेमके उलटे. खऱ्या रेल्वेलाही हे चुकले नाही. मुंबईची १५०० व्होल्टची वीज बदलून २५,००० व्होल्टची करण्याचे काम टप्प्याटप्प्याने होऊन २०१६ पर्यंत उपनगरी मार्गांवर पूर्ण झाले. मधल्या काळात दोन्ही विजांवर धावणारी इंजिने वापरावी लागली आणि फक्त जुन्या विजेवर जगणारी निवृत्त झाली.

मला वाटते, घरच्या इंजिनापुरता एक साधा नियम पुरेसा आहे: जे पुन्हा पूर्ववत करता येईल तेच करावे. मूळ सांगाड्याला भोक पाडू नये. जुना रंग खरवडू नये. काढलेले चाक आणि चुंबक एका पाकिटात घालून, वर तारीख लिहून, त्याच खोक्यात ठेवावे. उद्या कोणाला जुने हवे असेल तर जुने मिळेल, आणि आज ज्याला गाडी धावताना पाहायची आहे त्याचीही निराशा होणार नाही. नुसते कपाटात बसलेले इंजिन सुरक्षित असते हे खरे. पण ज्याने ते प्रथम घडवले, त्याने ते कपाटासाठी घडवले नव्हते.

तेव्हा यंदा ट्रंक उघडा. चावीचे इंजिन असेल तर तेलाचा एकच थेंब पुरे. विजेचे असेल तर आधी जाणत्याला दाखवा. आणि गाडी किल्ल्याभोवती सोडा. मावळे अजूनही तक्रार करणार नाहीत.